बरोब्बर

शिवाजीनगर कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानात
भिंतीकडचं अर्धं टेबल माझं.
मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी,
पानाला ऐंशी रुपये, शिक्का वेगळा.

कुंदा ढमढेरे, राहणार दापोडी,
साडेदहाला आल्या.
पर्समधून काढली पोलीस चौकीची पोच,
घडीवर फाटलेली, मागून सेलोटेप.
म्हणाल्या, लिहा,
आज बरोब्बर सात वर्षं झाली.

सात का, ते विचारावं लागत नाही मला.
सात वर्षं ज्याची खबरबात नाही
तो कायद्याला मेलेला चालतो.
त्याआधी नाही,
एक दिवससुद्धा नाही.

मी लिहिलं, सेव्हन इयर्स अगो टू द डे.
त्यांचं बोट तिथेच आलं.
टू द डे म्हणजे?

आता काय सांगू?
शब्दाला शब्द ठेवला तर, दिवसापर्यंत.
जसं गळ्यापर्यंत पाणी.
जसं पाहुण्याला फाटकापर्यंत सोडून येणं.
म्हटलं, वर्षं मोजत मोजत आलो
आणि पाय पडला तो त्याच दिवसावर,
अलीकडे नाही, पलीकडे नाही.
झाली असतील, होत आली, सातेक —
असलं दूधवाल्याचं माप नाही हे.
सोनाराचं.

इंग्रज कुठे वापरतात?
लग्नाला पंचवीस वर्षं झाली की,
कुणी नोकरीला लागलं त्याच तारखेला सुटलं की.
कुणी गेलं की.
चांगल्यालाही हेच?
चांगल्यालाही हेच, बाई. शब्दाचं काय जातंय.

मग त्या थोड्या मोकळ्या झाल्या.
सासूबाई तारीख मानत नाहीत, म्हणाल्या.
तिथीने अजून बारा दिवस आहेत,
वैकुंठ चतुर्दशी.
एवढी घाई कसली, म्हणतात.
रोज रात्री त्यांची एक भाकरी जास्तीची होते
आणि सकाळी मी ती कुस्करून खाते.

मी पोच उजेडात धरली.
दिनांक पंधरा नोव्हेंबर. वेळ शून्य शून्य पंधरा.

बाई, आज चौदा आहे.

चौदाच. त्या म्हणाल्या.
रात्री नळाला पाणी आलं होतं.
मी बादल्या भरत होते.
खाली जाऊन येतो म्हणाले, घरातल्याच स्लिपरांवर.
तिसरी बादली अर्धी झाली होती.
चौदाचीच रात्र ती,
मी झोपले कुठे होते? माझा दिवस संपलाच नव्हता.

चाळीस वर्षं या दोन भाषांत ये-जा करतोय,
हा उंबरठा कधी अडखळवला नव्हता.
त्यांचा दिवस बदलतो मध्यरात्री,
सगळे झोपलेले असताना, शून्यावर.
आपला उजाडल्याशिवाय बदलत नाही.
मधल्या त्या पाच-सहा तासांत
निघून गेलेला माणूस
नेमक्या कुठल्या दिवशी गेला?

कोर्टाला असलं विचारता येत नाही.
म्हटलं, कागद पंधरा म्हणतोय.
कोर्ट कागदाचं ऐकतं.

त्यांनी पोच पुन्हा घडीवर घडी घातली.
म्हणजे अजून एक दिवस आहे?

काय होतं त्या आवाजात
त्याचं भाषांतर मला जमणार नाही.
सुटका म्हणावी तर सुटका नव्हती.

हो, म्हटलं. आजचा.

त्या उठल्या. पैसे काढू लागल्या,
मी उद्या म्हटलं.
पायरीवरून वळून विचारलं,
किती वाजता येऊ?

रात्री सव्वाबारानंतर कधीही,
जिभेवर आलं होतं, गिळलं.
साडेदहालाच या.

समोरून दापोडीची बस आली.
त्या थांब्यावर होत्या, चढल्या नाहीत.
दुसरी आली, तीही सोडली.
झेरॉक्सवाला पोरगा म्हणाला, काका, हे पान टाकू का?
नको, म्हटलं. राहू दे.
त्यावर पेपरवेट ठेवला
आणि पुढच्या माणसाचा भाडेकरार ओढला.